बॉक्स कॅमेरा: जुना डबा घरात सापडल्यावर विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरून, ट्रंकेतून, देवघराच्या फडताळातून काय काय निघतं. त्यात कधी कधी काळा, चौकोनी, वर कातडी पट्टी असलेला एक डबा असतो. समोर एक गोल भोक, वर आणि बाजूला काचेच्या दोन छोट्या खिडक्या. भंगारात घालण्याआधी कुणीतरी विचारतं, "हा चालतो का हो?" बहुतेक वेळा चालतो. शंभर वर्षांचा असला तरी चालतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारच थोडं आहे. पुढचे प्रश्न अशा घरांतून सतत येणारे आहेत.

कॅमेरा सापडला. आधी काय करू?

उघडू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं.

मागच्या बाजूला एक लहान लाल खिडकी असते. तिच्यातून आत कागद दिसतो का, त्यावर आकडा आहे का, ते बघा. मग बाजूची किल्ली हलक्या हाताने किंचित फिरवा. मोकळी फिरली तर बहुधा आत काही नाही. ओढ जाणवली, खिडकीत कागद सरकताना दिसला, तर आत रोल आहे, आणि त्यावर तुमच्या आजोबांनी काढलेले फोटो असू शकतात. न धुतलेल्या कृष्णधवल फिल्मवरचं चित्र कित्येक दशकं तग धरतं. ते फिकं होतं, त्यावर धुकट थर येतो, पण पुष्कळदा माणसं ओळखू येतात. दार उघडून उजेड आत गेला की ते क्षणात संपलं.

रोल असेल तर किल्ली सावकाश फिरवत राहा. आकडे संपतात, मग नुसता कागद जातो आणि शेवटी ओढ सुटते. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडा, रोल घट्ट धरून कागदाचं टोक चिकटवा, काळ्या कागदात गुंडाळा आणि कृष्णधवल फिल्म हाताने धुणाऱ्या माणसाकडे द्या. रंगीत फोटोच्या लॅबमधल्या मशीनला देऊ नका.

माझ्याकडचा बॉक्स कॅमेराच आहे कशावरून?

लेन्स पुढे-मागे सरकत नसेल, भाता (घड्या पडणारी कातडी पिशवी) नसेल, लेन्सभोवती अंतराचे आकडे नसतील आणि आकार सरळ डब्याचा असेल, तर तो बॉक्स कॅमेरा. भाता उघडून पुढे येणारा तो फोल्डिंग. वर झाकण उघडून आत मोठी काच आणि पुढे एकावर एक दोन लेन्स असतील तर तो ट्विन लेन्स. त्याचं काम अगदी वेगळं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. जत्रेत, कोर्टाबाहेर तिपाईवर लाकडी पेटी ठेवून, कापडी बाहीत हात घालून तिथल्या तिथे फोटो देणारे असायचे. तीही पेटीच, पण तो मिनिट कॅमेरा. त्यात आधी कागदावरच निगेटिव्ह तयार होते, मग त्या निगेटिव्हचा पुन्हा फोटो काढून पॉझिटिव्ह करतात, आणि धुणं सगळं पेटीच्या आतच. इथे आपण बोलतोय तो घरगुती, हातात मावणारा, रोलवर चालणारा डबा.

हे कॅमेरे आले कुठून?

अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली पहिला कोडॅक बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल कारखान्यातूनच भरून यायचा. फोटो काढून झाले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. ते रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून परत पाठवत. त्याआधी फोटो काढायचा म्हणजे काचेच्या प्लेटा, तिपाई, रसायनं आणि ते सगळं जाणणारा माणूस हवा. कोडॅकने फोटो काढणं आणि फोटो धुणं ही दोन कामं वेगळी केली. पण २५ डॉलर ही तेव्हा मोठी रक्कम होती, त्यामुळे हा कॅमेरा हौशी श्रीमंतांपुरताच राहिला.

खरा बदल १९०० च्या फेब्रुवारीत झाला. फ्रँक ब्राउनेल यांनी ईस्टमनसाठी बनवलेली ब्राउनी फक्त १ डॉलरला आली आणि तिचा रोल १५ सेंटला. अंग जाड पुठ्ठ्याचं, वरून नकली कातडं. पहिल्या कॅमेऱ्यांचं मागचं झाकण बुटाच्या खोक्यासारखं नुसतं बसवलेलं होतं आणि ते निसटायचं. काही महिन्यांतच कंपनीने ते बदलून बिजागरीचं दार दिलं. जाहिराती मुलांसाठी होत्या, घेतला मात्र घराघराने. पहिल्याच वर्षी लाखाच्या वर ब्राउन्या खपल्या.

१९०१ मध्ये २ नंबरची ब्राउनी आली आणि तिच्याबरोबर १२० नंबरचा रोल. कॅमेरा कधीच बंद झाला, पण तो रोल आजही जगभर बनतो. तुमच्या घरातला डबा आज चालू शकतो तो या एका गोष्टीमुळे, म्हणून मला हा तपशील साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

मुलांचं खेळणं म्हणून या कॅमेऱ्याकडे बघू नये. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेल्यांना उचलणाऱ्या कार्पेथिया जहाजावर बर्निस पामर नावाची तरुण प्रवासी होती. तिने आपल्या ब्राउनीने हिमनगाचे आणि वाचलेल्या माणसांचे फोटो काढले. पुढे निसर्गछायाचित्रणात मोठे नाव झालेले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९१६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, अमेरिकेतल्या योसेमिटी दरीचे पहिले फोटो काढले तेही ब्राउनीनेच.

आत नेमकं असतं काय?

पुढे शटर: एक पातळ गोल पत्रा, त्यात खाच. बाजूची खिट्टी ढकलली की स्प्रिंगने पत्रा फिरतो, खाच भोकासमोरून जाते आणि तेवढ्यापुरता उजेड आत येतो. बऱ्याच ब्राउन्यांत खिट्टी वर नेली तरी एक फोटो आणि खाली आणली तरी एक फोटो. शटर आधी ताणून ठेवावं लागत नाही. त्यामुळे रिकाम्या कॅमेऱ्याची खिट्टी खेळवायला हरकत नाही, भरलेल्याची मात्र नाही. खिट्टीला चुकून धक्का लागला की एक फोटो गेला.

शटरमागे लेन्स. २ नंबरच्या ब्राउनीत ती एकच भिंग आहे, चष्म्याच्या काचेसारखी एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला खोलगट. मग पोकळ डबा, आणि शेवटी फिल्म.

वरच्या कडेला पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात. एक वर ओढली की लेन्ससमोर लहान-लहान होत जाणारी तीन छिद्रं एकामागून एक येतात. दुसरी ओढली की शटर उघडं राहतं: खिट्टी एकदा ढकलली की उघडतं, पुन्हा ढकलली की मिटतं. या दोन पट्ट्यांचा उपयोग अनेक घरांत कुणाला ठाऊकच नसतो. गंजून अडकल्या असतील तर पक्कड लावू नका. बोटाने किंचित खाली-वर करत राहा, सुटतात.

काचेच्या दोन खिडक्या म्हणजे व्ह्यूफाइंडर. एक उभ्या फोटोसाठी, दुसरी आडव्यासाठी. आत आरसा असतो, म्हणून चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे निसटतोय असं वाटलं तर कॅमेरा कुठे वळवायचा हे सवयीनेच कळतं.

फोकस नाही, वेग बदलता येत नाही. मग फोटो नीट कसा येतो?

या डब्याची खरी हुशारी इथेच आहे, आणि त्याला 'साधा' म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ती दिसत नाही.

बनवणाऱ्यांनी आधीच हिशेब केलेला आहे. छिद्र लहान ठेवलं, साधारण एफ १४ ते एफ १६ च्या आसपास (एफ हे छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान). छिद्र लहान असलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. त्यामुळे सुमारे ३ मीटरपासून, म्हणजे दहा फुटांपासून, थेट क्षितिजापर्यंत फोकस करायची गरज उरत नाही. वेग ठेवला सेकंदाचा तिसावा ते पन्नासावा भाग, हात स्थिर असेल तर चालेल इतका. त्या काळातल्या मंद फिल्मला या छिद्रातून आणि या वेगाने भर उन्हात पुरेसा उजेड मिळे.

आणि निगेटिव्ह मोठी ठेवली, सुमारे ६ बाय ९ सेंटिमीटर. छपाईच्या कागदावर ती सरळ ठेवून तेवढ्याच मापाचा फोटो छापायचा, मोठा करायचाच नाही. एका भिंगाने कडा थोड्या मऊ येतात, पण त्या मापात डोळ्याला खुपत नाहीत. लेन्स स्वस्त ठेवली आणि तिची उणीव निगेटिव्हच्या मापाने भरून काढली.

म्हणजे तुमच्याकडून कॅमेऱ्याला तीनच गोष्टी हव्यात: ऊन, दहा फूट अंतर आणि श्वास रोखलेला हात. माणूस चार मोठ्या पावलांपेक्षा जवळ आला की चेहरा धूसर येणार. डबा पोटाशी टेकवा, खिट्टी झटका न देता दाबा.

माझा कॅमेरा किती सालचा, हे कसं कळेल?

आधी आतला सांगाडा बाहेर काढून लेबल वाचा. मॉडेलचं अक्षर आणि वापरायच्या रोलचा नंबर बहुधा तिथेच असतो. २ नंबरची ब्राउनी पुठ्ठ्याची असेल तर ती बहुधा जुनी, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाची १९२४ पासून आली. १९३० च्या दशकात ६२० नंबरच्या रोलचे डबे आले. बेकेलाइटच्या, म्हणजे काळ्या टणक प्लॅस्टिकच्या अंगाची बेबी ब्राउनी १९३४ ची, आणि गोलसर कडांची ब्राउनी हॉकआय १९४९ नंतरची.

आमच्यावर अ‍ॅग्फाचं नाव आहे. तोही तसाच का?

हो. जर्मनीच्या अ‍ॅग्फाने १९३० पासून बॉक्स कॅमेरे काढले. १९३२ मध्ये त्यांनी एक योजना केली. तेव्हाच्या जर्मन नाण्यांवर टांकसाळीचं अक्षर असे. ए, जी, एफ, ए अशी अक्षरं असलेली एकेक मार्काची चार नाणी आणली की कॅमेरा मिळायचा. चार मार्कांत कॅमेरा! लोक नाणी शोधत फिरले आणि तो प्रचंड खपला.

सोलापुरात मात्र अ‍ॅग्फा म्हटलं की बहुतेक घरांतून निघतो तो क्लिक थ्री. तो भारतातच, बडोद्याला तयार होई. डोळ्याला लावून बघायचा, १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ चौकोनी फोटो. आकाराने तो डबा नाही, पण कुळ तेच: ठरलेली लेन्स, मोजक्या खुणा, बाकी सगळं उन्हावर. शाळेची सहल, बारसं, नवी सायकल, हे ज्या पिढीने फोटोत धरून ठेवलं तिच्या हातात हाच होता. त्याला कमी लेखू नका.

रोल आज मिळतो का?

१२० नंबरचा मिळतो. इलफर्ड, कोडॅक, फोमा अजून बनवतात. सोलापुरात दुकानात जाऊन मागितला तर हाती लागेल असं धरून चालू नका, मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असायचा, तो आता बनत नाही. जुना, मुदत संपलेला इंदू घरात निघाला तर पहिला प्रयोग त्यावर करू नका.

कॅमेऱ्यावर ६२० लिहिलं असेल तर थोडी खटपट आहे. फिल्म १२० चीच, पण रीळ बारीक आणि त्याच्या चकत्या लहान. ६२० चं उत्पादन १९९५ मध्ये थांबलं. उपाय असा की १२० ची फिल्म पूर्ण अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळायची. म्हणून कॅमेऱ्यातलं रिकामं लोखंडी रीळ कधीही टाकू नका. ते कॅमेऱ्याइतकंच मोलाचं आहे.

रोल भरायचा कसा?

सावलीत, उन्हात नाही. किल्ली बाहेर ओढा, दार उघडा, आतला सांगाडा ओढून घ्या. रिकामं रीळ किल्लीच्या बाजूला असायला हवं. नवा रोल समोरच्या घरात बसवा, कागद सांगाड्याच्या मागच्या बाजूने आणा आणि टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत घाला. कागदाची काळी बाजू लेन्सकडे, छापील बाजू बाहेर. दोन वेढे सरळ बसले की सांगाडा आत सरकवा, किल्ली दाबून बसवा, दार लावा आणि लाल खिडकीत १ दिसेपर्यंत फिरवा. २ नंबरच्या ब्राउनीत असे आठ फोटो होतात.

फोटो काढला की लगेच पुढचा आकडा आणा. हा कॅमेरा तुम्हाला अडवत नाही: किल्ली न फिरवता पुन्हा खिट्टी दाबली की एकावर एक दोन फोटो.

लाल खिडकीतून फिल्म खराब होत नाही?

जुन्या काळात होत नव्हती, कारण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, आकडा बघताना कॅमेरा अंगाच्या सावलीत धरून तेवढ्यापुरती उचला आणि पुन्हा दाबा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे टाळलंत तर निगेटिव्हवर गोल डाग आलेच म्हणून समजा.

सोलापूरच्या उन्हात कोणतं छिद्र वापरू?

इथलं ऊन या कॅमेऱ्याला मानवतं. फिल्मच्या डब्यावरचा १०० किंवा ४०० हा आकडा तिला उजेड किती लवकर पुरतो ते सांगतो, मोठा आकडा म्हणजे कमी उजेड पुरे. १०० च्या फिल्मवर लख्ख उन्हात मधलं छिद्र, ४०० च्या फिल्मवर सगळ्यात लहान. ढग आले तर १०० च्या फिल्मवर मोठं छिद्र.

पण बारा ते तीनचं ऊन टाळा. सूर्य डोक्यावर असला की भुवयांखाली काळे खड्डे पडतात आणि पांढरा सदरा नुसता पांढरा ठिपका होतो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने जा. पाणी, मंदिर आणि भुईकोट किल्ल्याची तटबंदी सगळं एका फेरीत होतं, आणि दहा फुटांची अट तिथे आपोआप पाळली जाते. किल्ल्याच्या भिंतीवर तिरपं ऊन आलं की दगडाचा पोत या एका भिंगातूनही छान उतरतो.

घराच्या आत फोटो हवा असेल तर दुसरी, म्हणजे शटर उघडं ठेवणारी पट्टी ओढा, कॅमेरा टेबलावर किंवा ओट्यावर घट्ट ठेवा. खिडकीशेजारच्या चांगल्या उजेडात १०० ची फिल्म आणि मोठं छिद्र असेल तर २ ते ४ सेकंद पुरतात. बसलेल्या माणसाला पाठ टेकायला सांगा, नाहीतर मान हलतेच.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचा फोटो येईल का?

येईल, जागा नीट निवडली तर. वेग कमी असल्यामुळे तुमच्या समोरून आडवी जाणारी नंदीध्वजाची उंच काठी फरकटलेली येते. मिरवणूक तुमच्याकडे सरळ चालत येईल अशा वळणावर उभे राहा, म्हणजे हालचाल कमी दिसते. नंदीध्वज उंच, म्हणून कॅमेरा उभा धरा आणि दहा फुटांच्या पुष्कळ मागे सरका. बाराबंदीतले भक्त पांढऱ्याशुभ्र वेशात असतात, तेव्हा ऊन असेल तर एक छिद्र लहान घ्या. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला इतकी दाटी असते की पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्याला पुढच्या माणसाची पाठच दिसते. तिथे डबा उलटा करून डोक्यावर धरा आणि खालून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. जुने बातमीदार ट्विन लेन्स घेऊन हेच करायचे. रात्रीच्या दारूकामाला मात्र भिंतीवर ठेवून, शटर उघडं सोडूनच जमेल.

जुन्या अल्बममधला फोटो बॉक्स कॅमेऱ्याचा आहे हे ओळखता येतं?

बऱ्याचदा येतं, आणि कॅमेरा नसला तरी हा शोध घेण्यासारखा आहे. पट्टी घेऊन पांढरी कड सोडून चित्र मोजा. ६ बाय ९ च्या जवळ आलं तर ते निगेटिव्हवरूनच थेट छापलेलं असण्याची शक्यता मोठी.

मग उंची बघा. कॅमेरा पोटाशी धरलेला असे, म्हणून उभी मोठी माणसं किंचित खालून दिसतात आणि लहान मुलं अगदी डोळ्यांच्या पातळीवर. स्टुडिओतल्या फोटोत असं सहसा होत नाही. कोपरे थोडे मऊ, मधला भाग स्वच्छ. डोळे मिचकावलेले, कारण सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे ठेवायचा ही तेव्हाची शिकवण आणि त्यामुळे ऊन थेट तोंडावर. आणि त्याच शिकवणीमुळे कित्येक फोटोंत खाली जमिनीवर एक सावली येते, कोपरं बाहेर काढून पोटाशी काहीतरी धरलेल्या माणसाची. अल्बममध्ये ज्यांचा एकही फोटो नाही, ते काका किंवा ती आत्या त्या सावलीत असू शकते. घरातल्या वयस्कर माणसांना तेवढं आजच विचारा आणि फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा. शाईने नको, ती पुढे उमटते.

साफसफाई आणि दुरुस्ती घरी करता येईल?

थोडी. धूळ मऊ ब्रशने. लेन्स मऊ सुती कापडाने, तोंडाच्या वाफेपुरत्या ओलाव्याने. व्ह्यूफाइंडरच्या आरशाला घासू नका, जुना पारा कापडाबरोबर निघून येतो. शटरला तेल देऊ नका, शिलाई मशीनचं तर मुळीच नाही. तेल पत्र्यावर पसरतं, त्यावर आपल्याकडची बारीक धूळ बसते आणि शटर कायमचं मंद होतं.

कातडं सुटलं असेल तर पुठ्ठ्याच्या डब्याला मैद्याची खळ उत्तम. पातळ थर, वर वजन, एक रात्र. बुकबाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, ते पुठ्ठ्यापुरतं ठीक. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला मोरचुदाची खळ लावू नका, धातू खाल्ला जातो. रंग तर कोणत्याच डब्याला देऊ नका.

उजेड गळतो का ते तपासायला अंधाऱ्या खोलीत डब्याच्या आत छोटा टॉर्च लावून ठेवा आणि कडा बघा. ठिपका दिसला तिथे काळा कागद चिकटवा. आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर पुन्हा ठेवू नका. मे महिन्यात तिथे डिंक सुटतो, पुठ्ठा वाकतो.

विकला तर किती येतील?

फार नाही. ब्राउन्या आणि क्लिक थ्री लाखांनी बनले, दुर्मीळ नाहीत. एक रोल टाकून बघणं हा त्याचा जास्त चांगला उपयोग आहे असं माझं मत.

रोल धुवायचा कुठे?

पुण्या-मुंबईला कुरियरने पाठवता येतो. पण कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही: डेव्हलपिंग टँक, डी-७६ सारखा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), हायपो (ते पक्कं करणारं) आणि पाणी एवढ्यावर भागतं. आपली अडचण एकच, तापमान. वेळेचे तक्ते २० अंशांचे असतात आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे असतं. त्या पाण्यात वेळ इतका कमी होतो की फिल्म डागाळते, वरचा थर मऊ पडतो. डेव्हलपर, हायपो आणि धुवायचं पाणी, तिन्हींच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा आणि थर्मामीटर लावून तिन्ही सारख्या तापमानाला आणा. फक्त डेव्हलपर गार करून पुढे कोमट पाण्यात फिल्म टाकली तरी थराला सुरकुत्या पडू शकतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाण्याला बर्फ फारसा लागत नाही, म्हणून पहिला रोल हिवाळ्यात धुवा. वाळत घालताना पंखा बंद आणि खिडकी बंद, नाहीतर धूळ ओल्या थरात रुतते ती निघत नाही.